माशी पायाने चव घेते, ती तपासायची कशी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पासाठी कीटक निवडणारे बरेच जण थेट चेतापेशी आणि जनुकांकडे धावतात. मराठवाड्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत त्याची साधनं नसतात, आणि सुरुवातीला ती लागतही नाहीत. घरमाशी, साखर, मेणबत्ती आणि भिंग एवढ्यावर चवीचा पक्का प्रयोग होतो. सांभाळायचं ते पाणी. प्रयोग बहुधा तिथेच फसतो.

माशीच्या पायाचं टोक पाच पेरांचं असतं, त्याला टार्सस म्हणतात. त्याच्या खालच्या अंगाला स्पर्शाच्या केसांत मिसळून चवीचे केस असतात. चवीच्या केसाला टोकाशी एकच सूक्ष्म छिद्र, तर वासाच्या केसाच्या भिंतीला अनेक. विरघळलेला पदार्थ त्या छिद्रातून आत शिरतो आणि चेतापेशींच्या टोकांना भिडतो. साखरेची पेशी वेगळी, मिठाची वेगळी आणि पाण्याचीसुद्धा वेगळी. साखर लागली की भुकेली माशी सोंड बाहेर काढते. हेच आपलं माप.

आधी द्रावण. 34.2 ग्रॅम साखर थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि मग पाणी घालून एकूण 100 मिली करा. हे झालं 1 मोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप). सरळ 100 मिली पाण्यात साखर ओतली तर द्रावण 120 मिलीच्या आसपास जातं आणि पुढचं सगळं गणित चुकतं. मग निम्मं द्रावण, निम्मं पाणी असं दर वेळी पातळ करत दहा पायऱ्या केल्या की सुमारे 0.001 मोलरपर्यंत पोचता येतं. गूळ नको, त्यात क्षार असतात. बोअरचं पाणी तर अजिबातच नको. आपल्याकडे ते जड असतं आणि क्षारांना माशीचा पाय वेगळी दाद देतो.

माश्या पावसाळ्यात मुबलक मिळतात. पकडल्यावर साधारण 24 तास खाणं बंद, पाणी मात्र चालू. नंतर कुपीत घालून कुपी बर्फावर ठेवा. हालचाल थांबली की लगेच काढा. मेण वितळवून थोडं दुधाळ होऊ द्या आणि टूथपिकचं टोक त्यात बुडवून छातीच्या पाठीवर चिकटवा. मेण कुशीकडे ओघळलं तर श्वासरंध्रं बुजतात आणि माशी तासाभरात मलूल होते. पाय सगळे मोकळे हवेत. सावरायला तासभर द्या.

आता पाणी. पुढचे दोन्ही पाय डिस्टिल्ड पाण्याच्या थेंबाला लावा. सोंड बाहेर आली तर माशी तहानलेली आहे. पोटभर पिऊ द्या आणि पुन्हा तपासा. पाण्याला सोंड येणं पूर्ण थांबेपर्यंत साखरेकडे वळायचं नाही. ही पायरी गाळली तर शेवटी हाती येते ती तहानेची आकडेवारी.

मग सर्वांत पातळ द्रावणापासून वर चढत जा. पाय दोन-तीन सेकंद लावा, सोंड पूर्ण बाहेर आली का ते ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा, आणि ती थेंबाला टेकायच्या आत माशी उचला. पिऊ दिलं तर अन्ननलिकेच्या ताणाची खबर मेंदूला जाते आणि प्रतिसाद दबतो. केस तेच, भूक गेलेली. प्रत्येक द्रावणानंतर पाय पाण्यात धुवा, दोन-तीन मिनिटं थांबा. उलट क्रम नको, कारण तीव्र साखरेनंतर माशी काही काळ इतकी उत्तेजित राहते की नुसत्या पाण्यालाही सोंड काढते. शेवटी 1 मोलरलाही दाद न देणारी माशी हिशोबातून वगळा. वीस-तीस माश्या झाल्या की निम्म्यांनी ‘हो’ म्हटलेली तीव्रता काढा.

थेंब नुसता जवळ नेऊन, न टेकवता, वासाचीही खातरजमा करावी. एप्रिल-मेमध्ये थेंब उघडा ठेवला की पाणी उडून साखर दाट होते, म्हणून दर माशीला नवा थेंब.

एवढं जमलं की पुढची मजा लिंबूवर्गीय झाडांवर आहे. जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेत लिंबू फुलपाखराची मादी पानावर बसते, पुढच्या पायांनी भराभर थापट्या मारते, आणि पटलं तरच पोट वाकवून अंडं घालते. याच कुळातल्या पूर्व आशियातल्या एका जातीत पुढच्या पायांचे केस पानातलं सिनेफ्रिन हे रसायन ओळखतात हे सिद्ध झालंय.

केसातली विद्युतस्पंदनं मोजायची तर चवीचं द्रावण आणि थोडं मीठ भरलेली काचनळी केसाच्या टोकावर चढवतात. ही पद्धत 1955 सालची आणि आजही वापरात आहे, पण त्यासाठी अॅम्प्लिफायर लागतो. प्राणिशास्त्रातून पुढे जाणाऱ्यांनी सीएसआयआर नेट या पात्रता परीक्षेच्या जीवशास्त्राची तयारी धरावी. कृषी पदवीधरांनी परभणीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात एम.एस्सी. करून एएसआरबी नेट ही कृषी विषयांची पात्रता परीक्षा द्यावी. या परीक्षांनंतर कुठेही मुलाखत झाली तर पहिला प्रश्न तुमच्या कंट्रोलचाच, म्हणजे नुसत्या पाण्याच्या तपासणीचाच, निघेल असं धरून वही नीट ठेवा.