ऑस्ट्रेलियाचा ४९१ व्हिसा ते पीआर: अनुभवाची वर्षं कशी मोजायची

४९१ म्हणजे पीआर (कायमचं वास्तव्य) नव्हे, हे आधी नीट समजून घ्या. हा 'रीजनल' भागात राहून काम करण्यासाठी गुणांवर मिळणारा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे. तो १६ नोव्हेंबर २०१९ पासून सुरू झाला. त्यावर किमान तीन वर्षं काढली, अटी पाळल्या, की १९१ हा कायमचा व्हिसा मागता येतो. १९१ ला गुणांची गणती नाही आणि नव्याने नॉमिनेशनही (राज्याने केलेली शिफारस) लागत नाही. म्हणून सगळी परीक्षा सुरुवातीलाच, ४९१ च्या अर्जात होते.

'रीजनल' शब्दाने बिचकू नका. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडली तर जवळपास सगळा देश त्यात येतो. पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा, गोल्ड कोस्ट, न्यूकॅसल, वोलोंगाँग, जिलाँग, होबार्ट ही सगळी शहरं त्यात आहेत. मात्र हद्द पोस्टकोडवर ठरते. घर बघण्याआधी पोस्टकोड तपासा.

अट अशी: अर्ज करण्याचं आमंत्रण, म्हणजे इन्व्हिटेशन, येईल त्या दिवशी वय ४५ च्या आत हवं, तुमचा व्यवसाय यादीत हवा, पदवीची आणि कामाची तपासणी, म्हणजे असेसमेंट, झालेली हवी, आणि राज्याच्या नॉमिनेशनचे १५ धरून किमान ६५ गुण हवेत. नुसत्या ६५ वर बहुतेक व्यवसायांत कुणी विचारत नाही, त्यामुळे प्रत्येक ५ गुणांसाठी धडपड असते. सगळ्या चुका याच धडपडीत होतात.

इंग्रजी सगळ्यात आधी उरकून टाका. आयईएलटीएसमध्ये चारही भागांत ६ ही किमान पायरी, तिला गुण शून्य. चारही भागांत ७ असतील तर १० गुण, ८ असतील तर २०. पीटीई या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेसाठी "सगळीकडे ६५ आणा" हा सल्ला अजून फिरतोय, तो सोडून द्या. ७ ऑगस्ट २०२५ पासून दिलेल्या परीक्षेसाठी ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या प्रत्येकाचे आकडे वेगवेगळे झाले आहेत.

मराठी माणसाला इथे ५ गुण जास्तीचे मिळू शकतात. भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या नाटी या ऑस्ट्रेलियन संस्थेची सीसीएल परीक्षा मराठीतून देता येते. साधारण तीनशे शब्दांचे दोन संवाद असतात, ते पस्तीसेक शब्दांच्या तुकड्यांत ऐकवतात, आणि तुम्ही इकडचं तिकडे तोंडी भाषांतर करायचं. ९० पैकी ६३ हवेत, शिवाय प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. घरात मराठी बोलतो म्हणजे पास होऊ, असं धरून चालू नका. इन्शुरन्स, कौन्सेलिंग, ड्यू पेमेंट हे शब्द आपण मराठी बोलतानाही इंग्रजीतच वापरतो. विमा, समुपदेशन, थकबाकी हे शब्द परीक्षेत आठवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात वाक्याचा शेपटाकडचा भाग निसटतो. तारीख, रक्कम, औषधाची मात्रा सुटली की गुण गेले. आकडे कागदावर टिपायची सवय महिनाभर आधीपासून लावा.

आता मुख्य भाग: असेसमेंट आणि अनुभवाची वर्षं

आयटीवाल्यांची असेसमेंट एसीएस (ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी) करते, इंजिनिअरांची इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, बऱ्याचशा इतर व्यवसायांची वेटॅसेस. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुम्ही नोकरीला लागलात त्या दिवसापासून तुमचा अनुभव मोजत नाहीत. तुम्ही 'स्किल्ड' ठरलात त्या दिवसापासून मोजतात. ती तारीख असेसमेंटच्या पत्रात लिहिलेली असते आणि त्याआधीची वर्षं गुणांसाठी बाद.

उदाहरण घ्या. जून २०१५ मध्ये कॉम्प्युटरची बी.ई. झालेली व्यक्ती जुलै २०१५ पासून पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून सलग काम करतेय. पदवी आणि काम एकाच विषयातलं, म्हणून एसीएस दोन वर्षं कापते. पत्रात येतं: जुलै २०१७ नंतरचा अनुभव ग्राह्य. पदवी आयटीची पण कामाशी नीट जुळत नसेल तर चार वर्षं कापली जातात, आणि मेकॅनिकलची पदवी घेऊन आयटीत असाल तर त्याहून जास्त. आता परदेशातल्या अनुभवाचे गुण असे आहेत: तीन वर्षांना ५, पाच वर्षांना १०, आठ वर्षांना १५. या व्यक्तीने जानेवारी २०२५ मध्ये ईओआय (इन्व्हिटेशन मिळावं म्हणून आपली माहिती मांडणारा ऑनलाइन फॉर्म) भरला असता तर नोकरी साडेनऊ वर्षांची, पण मोजायची साडेसातच. गुण १०. आठ वर्षं जुलै २०२५ मध्ये पुरी झाली, तेव्हा कुठे १५.

"साडेनऊ वर्षं आहेत ना, मग १५ भरा" असं सांगणारे सल्लागार गल्लोगल्ली आहेत. हा सल्ला ऐकलात तर पुढे असं होतं: वाढीव गुणांवर इन्व्हिटेशन येतं, तुम्ही हजारो डॉलर भरून अर्ज करता, अधिकारी असेसमेंटचं पत्र उघडून तारीख बघतो आणि अर्ज फेटाळतो. उरलेले गुण ६५ च्या वर असले तरी उपयोग नाही, कारण इन्व्हिटेशनमध्ये जेवढे गुण लिहिलेत तेवढे सिद्ध व्हावेच लागतात. भरलेली फी परत मिळत नाही.

म्हणून ईओआय भरताना एकच नोकरी दोन नोंदींत तोडा. वरच्या उदाहरणात पहिली नोंद जुलै २०१५ ते जुलै २०१७, आणि 'हे काम निवडलेल्या व्यवसायाशी संबंधित आहे का' यापुढे 'नाही'. दुसरी नोंद त्यानंतरची, तिथे 'हो'. अशी नोंद केली की यंत्रणा बरोबर गुण मोजते. चालू नोकरीची शेवटची तारीख रिकामी ठेवली तर महिने आपोआप पुढे सरकतात आणि आठ वर्षं भरली की गुणही आपोआप वाढतात. सोय चांगली आहे, पण नोकरी सोडली, बिनपगारी रजेवर गेलात किंवा काम बदलून मॅनेजरच्या जागेवर बसलात, तर त्याच दिवशी ती तारीख भरा. नाहीतर न केलेल्या कामाचे गुण वाढत राहतील. आठवड्याला २० तासांपेक्षा कमी असलेलं किंवा बिनपगारी काम धरूच नका, आणि दहा वर्षांपलीकडचंही धरू नका.

अनुभवाचं पत्र

कंपनीचा एचआर देतो ते दोन ओळींचं सर्टिफिकेट: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून सीनिअर इंजिनिअर आहे, त्यांना शुभेच्छा. याचा उपयोग फक्त तारखांपुरता. असेसमेंटला हवं असतं ते पत्र असं: लेटरहेडवर, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, प्रत्येक हुद्दा कधीपासून कधीपर्यंत, पगार, पाच-सहा मुद्द्यांत प्रत्यक्ष काम, आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन, कार्यालयीन ईमेल.

कामाचे मुद्दे लिहिताना अँझ्स्को या व्यवसायांच्या अधिकृत यादीतली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका. तपासणाऱ्याने ती वाक्यं हजार वेळा वाचलेली असतात. "सॉफ्टवेअरचे डिझाइन व विकास" असं लिहिण्यापेक्षा "कर्ज वसुलीच्या प्रणालीसाठी जावामध्ये एपीआय लिहिणे, चार जणांच्या कोडची तपासणी करणे" असं लिहा. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही असा एक तरी तपशील प्रत्येक मुद्द्यात असू द्या.

एचआर नाहीच म्हणाला तर वरिष्ठाकडून किंवा त्याच टीममधल्या सहकाऱ्याकडून स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घ्या, नोटरीसमोर. त्यात तो तुम्हाला कधीपासून, कुठल्या नात्याने ओळखतो आणि तुमचं काम काय होतं हे यायला हवं. सोबत त्याचं कंपनीचं ओळखपत्र आणि एचआरचं तेच तारखांचं पत्र जोडा. स्वतःचं स्वतःसाठीचं प्रतिज्ञापत्र कमजोर पडतं.

पत्राच्या पाठीशी पैशाचा पुरावा हवाच: फॉर्म १६, २६एएस, आयटीआर, पीएफ पासबुक, बँक स्टेटमेंट, आणि दर वर्षाच्या दोन-तीन पगारपावत्या. दरमहा रोख पगार घेतलेली वर्षं सिद्ध होत नाहीत, ती सोडून द्या.

काही ठिकाणी "पत्र आम्ही तयार करून देतो" असं सांगतात. त्या दारात पाय ठेवू नका. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा विभाग कंपनीला फोन करतो. खोटा कागद सापडला तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय तीन वर्षांची बंदी येते, आणि ती कुटुंबातल्या सगळ्यांना भोवते.

नावांचा घोळही इथेच मिटवा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, त्यात आडनावही बदलतं. पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या, पीएफवर तिसरंच. विवाह प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडा, आणि फॉर्म ८० (व्हिसासाठीचा वैयक्तिक माहितीचा फॉर्म) मध्ये 'इतर नावं' या रकान्यात प्रत्येक नाव लिहा. मराठीतला कागद असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर लागेल.

राज्य, इन्व्हिटेशन, अर्ज

ईओआय दोन वर्षं चालतो आणि एकाहून जास्त भरता येतात. प्रत्येक राज्यासाठी वेगळा भरा. 'कुठलंही राज्य' निवडलं की कुणालाच तुम्ही आपले वाटत नाही. बऱ्याच राज्यांत ईओआयखेरीज त्यांचा स्वतंत्र अर्जही असतो. कॅनबेराची तर स्वतःची गुणपद्धत आहे. नियम आणि कोटा जुलैमध्ये नव्या आर्थिक वर्षाबरोबर बदलतात, म्हणून गेल्या वर्षीचा व्हिडिओ बघून राज्य निवडू नका. राज्याकडून विचारणा आली की कागद द्यायला काही ठिकाणी जेमतेम दोन आठवडे असतात.

ईओआयमध्ये ईमेल तुमचा स्वतःचा टाका, एजंटचा नव्हे. एजंट घेतलाच तर तो ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत आहे का, हे नोंदणी क्रमांकावरून तपासा.

इन्व्हिटेशन आलं की ६० दिवस. ईओआय गोठतो, त्यात दुरुस्ती होत नाही. पैसे भरण्याआधी एकदा कागद समोर ठेवून गुण मोजा. एक जरी दावा पुराव्यात बसत नसेल तर इन्व्हिटेशन जाऊ द्या आणि ईओआय दुरुस्त करून पुन्हा रांगेत या.

बाकीचं सोपं आहे. गेल्या दहा वर्षांत जिथे एकूण १२ महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचं पोलीस प्रमाणपत्र, भारताचं पासपोर्ट सेवा केंद्रातून. वैद्यकीय तपासणी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच. जोडीदाराने कामापुरतं इंग्रजी सिद्ध केलं नाही तर वर जवळपास ४,९०० डॉलरचा दुसरा हप्ता पडतो. एक साधी परीक्षा देऊन तो वाचतो.

तिथे पोचल्यावर

राहणं, काम आणि शिक्षण तिन्ही रीजनल भागातच. जिलाँगला घर आणि मेलबर्नच्या ऑफिसात नोकरी हे चालत नाही. पत्ता, फोन, ईमेल किंवा नोकरी बदलली तर १४ दिवसांत कळवा. भाडेकरार, वीजबिलं आणि कामाचा पत्ता छापलेल्या पगारपावत्या पहिल्या महिन्यापासून एका फोल्डरमध्ये ठेवा.

"आधी ४९१ घ्या, मग तिथूनच १९० किंवा १८६ हा कायमचा व्हिसा करू" हाही चुकीचा सल्ला आहे. तीन वर्षं पुरी होण्याआधी ते दार सहसा बंद असतं.

१९१ साठी लागतात ती तीन आर्थिक वर्षांच्या आयकर आकारणीची पत्रं. तिथलं वर्ष १ जुलै ते ३० जून, आणि स्वतः रिटर्न भरत असाल तर मुदत ३१ ऑक्टोबर. वर्षाला ५३,९०० डॉलर मिळकत हवी ही जुनी अट अजून सांगितली जाते. आता किमान मिळकतीचा आकडा नाही. पण आकारणीचं पत्र मात्र हवंच. मे महिन्यात पोचून एकच महिना काम केलं असेल तरी त्या वर्षाचं रिटर्न भरा.

आणि १९१ चा अर्ज टाकला म्हणून सामान बांधून सिडनीला जाऊ नका. मंजुरीचं पत्र येईपर्यंत तुम्ही ४९१ वरच असता आणि त्याच्या अटी लागू असतात.