मेडिकेअरच्या एसीओत शिरताना आणि बाहेर पडताना

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला, मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा. एसीओ म्हणजे त्यातल्या रुग्णांच्या खर्चाची आणि दर्जाची जबाबदारी एकत्र घेणारा क्लिनिक-हॉस्पिटलांचा गट. खर्च ठरलेल्या आकड्याखाली राहिला तर गटाला बचतीतला वाटा मिळतो, वर गेला तर काही गटांना तोटा भरावा लागतो. या मेडिकेअर शेअर्ड सेव्हिंग्ज प्रोग्रॅममध्ये क्लिनिकची नोंद टॅक्स आयडीवर (संस्थेच्या करदाता क्रमांकावर) होते, डॉक्टरांच्या नावांवर नाही. एका आयडीखाली बिलिंग करणारे सगळे डॉक्टर एकदम एसीओत येतात; पाच हवेत, दोन नकोत, असं चालत नाही. म्हणून बोलणी सुरू करण्याआधीच त्या आयडीवर कोणकोण बिल लावतं याची यादी मागवा आणि प्रत्येकाचा होकार घ्या. प्राथमिक सेवांची बिलं ज्या आयडीवरून जातात, तो आयडी एका वेळी एकाच एसीओत राहू शकतो. क्लिनिक आधीच दुसऱ्या एसीओत आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

करार थेट एसीओ आणि क्लिनिक यांच्यात हवा, मध्ये तिसरा पक्ष नको. मुदत किमान एक पूर्ण कार्यवर्ष, म्हणजे कार्यक्रमाच्या हिशोबाचं वर्ष. सही करणाऱ्याला संस्थेला बांधून घेण्याचा अधिकार असला पाहिजे. ऑफिस मॅनेजरने घाईत केलेली सही इथे कामाची नाही. करार करताना पेकॉसमधली (मेडिकेअरच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेतली) नोंद शेजारी उघडून ठेवा आणि संस्थेचं कायदेशीर नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पाटीवरचं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं, एवढ्यावरूनही अर्जात त्रुटी निघते.

एसीओकडे किमान ५,००० मेडिकेअर रुग्ण लागतात. काठावर अर्ज करू नका. एखादं मोठं क्लिनिक सुटलं की आकडा खाली येतो. नियामक मंडळाचा किमान ७५ टक्के ताबा सहभागी संस्थांकडे असावा लागतो आणि मंडळावर रुग्णांचा प्रतिनिधीही हवा. एसीओचा सीएमएसशी, म्हणजे मेडिकेअर चालवणाऱ्या सरकारी संस्थेशी, होणारा करार किमान ५ वर्षांचा असतो. सहभागाचे दोन पर्याय आहेत, बेसिक आणि एन्हान्स्ड ट्रॅक. बेसिक ट्रॅकच्या ए आणि बी पातळीवर तोट्याचा भार नसतो, बचतीतला वाटा ४० टक्क्यांपर्यंत मिळतो. सी, डी, ई पातळ्यांवर तो ५० टक्क्यांपर्यंत आणि एन्हान्स्ड ट्रॅकमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत जातो, पण तिथे तोटाही भरावा लागतो.

एखादं क्लिनिक मध्येच सोडून गेलं, तर करार संपल्यापासून ३० दिवसांत सीएमएसला कळवा. तरीही सहभागी संस्थांची वर्षारंभीची प्रमाणित यादीच सहसा त्या वर्षाच्या हिशोबाला धरली जाते. क्लिनिक गेलं, पण त्याचे रुग्ण वर्षअखेरपर्यंत तुमच्याच खात्यात, हे मंडळाला आधीच समजावून ठेवा.

एसीओच बाहेर पडत असेल, तर सीएमएसला आणि सर्व सहभागी संस्थांना किमान ३० दिवस आधी लेखी कळवायचं. तोट्याची जबाबदारी असलेल्या एसीओसाठी ३० जून ही तारीख निर्णायक. तोपर्यंत बाहेर पडलात तर त्या वर्षाचा तोटा अंगावर येत नाही. म्हणजे नोटीस ३१ मेच्या आत गेलीच पाहिजे. त्यानंतर महिन्यांच्या प्रमाणात भरावं लागतं. वर्षाचा तोटा १२ लाख डॉलर असेल आणि ३० सप्टेंबरला बाहेर पडलात, तर ९ लाख. एकच दिवस उशीर, १ ऑक्टोबर, तर १० लाख, कारण सुरू झालेला महिना पूर्ण धरतात. उलट बचतीतला वाटा हवा असेल, तर ३१ डिसेंबरलाच बाहेर पडा आणि गुणवत्ता अहवालासह समारोपाची सगळी कामं मुदतीत उरका.

गट मोडून नव्या नावाने अर्ज केला तरी पाटी कोरी होत नाही. निम्म्याहून अधिक सहभागी संस्था गेल्या ५ कार्यवर्षांत एकाच एसीओत असतील, तर सीएमएस त्याला पुनःप्रवेशच समजतं आणि जुन्या एसीओची कामगिरी तपासतं.