जुन्या स्नायपर रायफली जमवायच्या असतील तर आधी नंबर वाचायला शिका

जुनी मिलिटरी स्नायपर रायफल समोर आली की सगळ्यांची नजर आधी लाकडावर आणि नळीवर जाते, पण किंमत ठरते ती स्कोप (वरची दुर्बीण), माउंट (स्कोप रायफलीला धरून ठेवणारा भाग) आणि त्यांच्यावरच्या नंबरांवरून. साध्या सैनिकी रायफली लाखोंनी बनल्या, स्कोपवाल्या त्या मानाने फारच थोड्या, त्यामुळे साध्या रायफलीवर स्कोप चढवून ओरिजिनल म्हणून खपवणारे भरपूर आहेत. रायफल आणि स्कोप एकमेकांचेच आहेत याची खात्री पटेपर्यंत स्नायपरचा भाव देऊ नका.

त्याच्याही आधी कायदा. चालू हत्यार, निकामी केलेलं हत्यार आणि नुसता स्कोप या तिन्हींचे नियम वेगवेगळे असू शकतात, बाहेरून मागवायचं तर दोन्ही देशांत चौकशी करा, आणि कागद हातात येईपर्यंत अॅडव्हान्स देऊ नका.

सुरुवात एकाच मॉडेलपासून करा. माझं मत विचाराल तर ब्रिटिश नंबर ४ मार्क १ टी, कारण तिच्या अंगावर इतक्या खुणा आहेत की डोळा तयार होतो. १९४२ पासून नेमाला चांगल्या निघालेल्या नंबर ४ रायफली हॉलंड अँड हॉलंडकडे जायच्या, तिथे डाव्या बाजूला स्कोपच्या ब्रॅकेटसाठी, म्हणजे तिच्या माउंटसाठी, दोन पॅड आणि दस्त्यावर गाल टेकायला लाकडी चीकपीस बसायचा. हातात आली की रिसीव्हरच्या (नळीमागच्या लोखंडी भागाच्या) डाव्या बाजूला 'टी' शोधा, मागे बट सॉकेटवर (दस्ता जिथे बसतो तिथे) 'टीआर', मग उलटी करून दस्त्याखाली 'एस५१', हा हॉलंडचा कोड. आता सरळ धरा आणि दस्त्याच्या मानेवर टॉर्च एकदम तिरका मारा, लाकडात ठोकलेला नंबर वर येतो, तो असतो स्कोपचा. तोच नंबर स्कोपच्या नळीवर हवा, आणि ब्रॅकेटवर रायफलचा नंबर हवा. म्हणजे लाकूड स्कोपची ओळख देतं आणि ब्रॅकेट रायफलची. हे सगळं जुळलं तर ती जोडी सोडू नका.

नंबर जुळतोय एवढ्यावर मात्र थांबायचं नाही, तो कधी ठोकलाय तेही बघा. भिंग लावून बघितलं की जुन्या ठोक्याच्या कडा झिजून गोल झालेल्या दिसतात आणि खाचेत तेल-मळ बसून काळं झालेलं असतं, नव्या ठोक्याच्या कडा बोटाला लागतात आणि आतलं लाकूड उजळ दिसतं. मी प्रत्येक नंबरचा फोटो दोन बाजूंनी उजेड टाकून काढतो, एका फोटोत जे लपतं ते दुसऱ्यात दिसतं.

रशियन मोसिन ९१/३० रायफल, पीयू नावाच्या स्कोपवाली, घेताना जास्त सावध राहा. युद्धानंतर कित्येकींचे स्कोप काढून माउंटची भोकं बुजवली आणि त्या साध्या रायफली म्हणून ठेवल्या, पुढे कुणीतरी तीच भोकं उघडून नवीन माउंट लावतं. अशा रायफलीत नळीच्या बुडाशी स्कोपचा जुना नंबर खोडलेला सापडू शकतो. ती खोटी नसते, स्नायपरच असते, पण जोडी मूळची नाही, मग भावही तसाच धरा. बोल्टचा (काडतूस भरायला मागेपुढे ओढायच्या भागाचा) दांडा खाली वाकवलेला आहे हा पुरावा मानू नका, तो कुणालाही लावता येतो.

अमेरिकन स्नायपर रायफल १९०३ए४ वर 'मॉडेल ०३-ए३' असं लिहिलेलं बघून लोक नकली समजून घाबरतात, पण ते लिहिलेलं बरोबरच आहे, ती बनवणाऱ्या रेमिंग्टनने तसंच ठोकलंय. माउंटखाली झाकली जाऊ नयेत म्हणून अक्षरं दोन बाजूंना सरकवलेली असतात, ती खूण बघा, आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी नसते, या रायफलीवर ती त्या वेळी बसवायचेच नाहीत. जर्मन के९८के रायफलीबद्दल एवढंच, टरेट माउंटवाल्यांच्या (स्कोप फिरवून अडकवायच्या माउंटवाल्यांच्या) नकला खूप आहेत, निदान पहिली खरेदी ती करू नका.

स्कोप आतून धुरकट दिसला तर उघडू नका. त्या काळची भिंगं बऱ्याचदा कॅनडा बाल्समने चिकटवलेली असतात, ती सुटायला लागली की कडेने इंद्रधनुष्यासारखे पट्टे किंवा पिवळट डाग येतात, हे काम जुन्या ऑप्टिक्सच्या माणसाचं. बुरशी टाळायची तर स्कोप चामड्याच्या केसमध्ये महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं, सिलिका जेल घातलेल्या कोरड्या डब्यात ठेवा आणि केस वेगळी सांभाळा. लाकडाला पॉलिश, लोखंडाला नवं ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर), दोन्ही नको, मळ असेल तर मऊ कापड आणि अगदी थोडं तेल पुरतं.

आणि दोन सारख्या रायफली जमल्या की एकीचा स्वच्छ स्कोप दुसरीला लावून बघावासा वाटतो. लावू नका, स्क्रूच्या खाचा बिघडतात आणि तुमच्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याला कुठला स्कोप कुणाचा हे कळत नाही.