बंदुकीचं रूप की काम? भाग तपासायची रीत

शेतीसंरक्षणाची बंदूक असलेल्या कोकणातल्या घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. दस्ता काळा रंगवला तर चालेल का? आणि नळी थोडी आखूड केली तर? पहिल्या बदलाने बंदूक नुसती वेगळी दिसते, दुसऱ्याने ती वेगळी वागते. कायद्याने कशाकडे बघावं हा वाद त्या फरकावरच उभा आहे.

तपासणी पडवीत नको. बाहेर चिऱ्याच्या गडग्याकडे तोंड करून बंदूक धरा आणि आधी ती रिकामी आहे का ते बघा. काडतुसाची असेल तर उघडली की कळतं. ठासणीची, म्हणजे दारू-छरे नळीच्या तोंडातून ठासून भरायची, वरून बघून कधीच कळत नाही. घोड्याखालची केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, काढा. गज, म्हणजे ठासायची सळई, नळीत तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. मग गज बाहेर काढून ती खूण तोंडाशी जुळवत नळीला बाहेरून लावा. दुसरं टोक केप बसते तिथवर पोचलं तर नळी मोकळी. तीन-चार बोटं अलीकडेच राहिलं तर आत बार, म्हणजे भरलेली दारू आणि छरे, आहे. तो खरवडून काढायला जाऊ नका; केप न लावता बंदूक कुलपात ठेवा आणि परवानाधारक दुरुस्तीकाराला बोलवा.

आता ज्या भागाबद्दल शंका आहे त्याला तीन प्रश्न लावा. त्याने एका चापाला सुटणाऱ्या गोळ्या वाढतात का? पुन्हा भरायचा वेळ कमी होतो का? बंदूक आखूड होऊन कपड्याखाली लपते का? तिन्हींना ‘नाही’ आलं, तर भाग रूपाचा. खांद्याचा पट्टा, दस्त्यावरची नक्षी, काळा रंग हे सगळे इथेच बाद होतात. नळीची लांबी तिसऱ्या प्रश्नात अडकते.

आपला 1959 चा शस्त्र कायदा बराचसा याच रीतीने चालतो. चाप दाबून धरला की दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन (गोळ्यांचा खण) संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतील, अशी रचना असेल तर ते शस्त्र प्रतिबंधित. मूठ कशी, रंग कोणता, हे त्या व्याख्येत नाही. कलम 13 मध्ये पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक आहे, आणि ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक घ्यायची तर नळी किमान 20 इंच हवी. बारा बोअर, म्हणजे काडतुसाची बंदूक, मोजताना बंदूक रिकामी करून बंद करा, नळीत लाकडी दांडी टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करून दांडी मोजा, 50.8 सेंटीमीटर भरली पाहिजे. बाहेरून टेप लावून घेतलेलं माप चुकू शकतं.

वानरांसाठी एअरगन घेणारे तर दिसण्यालाच फसतात. लष्करी थाटाची काळी प्लॅस्टिकची बघून बिचकतात, लाकडी दस्त्याची बेफिकीर उचलतात. परवाना लागेल का हे ठरवताना नियम मात्र तोंडाशी 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा आहे का आणि बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का, ते बघतो.

रूपावर कायदा बेतला की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथला 1994 चा संघीय कायदा आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या आणि सुटं मॅगझिन लागणाऱ्या रायफलींवर दोन खुणा शोधायचा: घडीचा किंवा सरकता दस्ता, खाली आलेली पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची जागा, ज्वाला झाकणारं तोंड किंवा त्यासाठी आटे पाडलेली नळी, ग्रेनेड लाँचर. यांतल्या दोन भरल्या की बंदी. कारखान्यांनी संगिनीची जागा आणि ज्वाला झाकणारं तोंड काढलं, आणि तीच रायफल पुन्हा दुकानात आली. रुगर मिनी-14 ही रायफल साध्या दस्त्याची असेल तर कायद्यानेच नाव घेऊन सोडली होती. लष्करी थाटाच्या एआर-15 रायफलीला लागते तीच .223 इंची गोळी तीही उडवते. त्याच कायद्यातली 10 पेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरची बंदी मात्र कामाला हात घालणारी होती. 2004 मध्ये दोन्ही संपल्या.

तरीही त्या यादीतलं सगळंच ‘नुसतं दिसायला’ म्हणून झटकता येत नाही. घडीचा दस्ता मिटला की रायफल पिशवीत मावते, तो तिसऱ्या प्रश्नात सापडतो. आटे पाडलेल्या नळीला आवाज दाबणारं नळकांडं बसतं. मुठीचा वाद खरा आहे: पकड बदलते, गोळ्यांचा वेग नाही. संगिनीच्या जागेला आमच्या मते यादीत काहीच काम नव्हतं.

आपल्याकडे घोटाळा होतो तो गंजाने. काळ्या दारूची राख खाऱ्या, दमट हवेतलं पाणी ओढते, आणि साफ न करता ठेवलेल्या नळीचं तोंड एका पावसाळ्यात खवले धरतं. मग ‘दोन बोटं कापून दे’ म्हणून ती लोहाराकडे जाते. नळी आखूड करायला आपल्या शस्त्र कायद्याच्या कलम 6 खाली वेगळा परवाना लागतो, मग कापलेला तुकडा कितीही लहान असो. बार उडवल्यावर त्याच दिवशी गरम पाणी आणि चिंधीने नळी आतून धुवा, चिंधी पांढरी येईपर्यंत. पूर्ण वाळवा, आतबाहेर पातळ तेलाचा हात फिरवा. पावसात दर आठवड्याला बंदूक रिकामी असल्याचं बघून, कोरडी चिंधी आतून फिरवून तेल पुन्हा द्या.