रोपं पिवळी पडत होती, मी पाणी घालत होते

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटला गच्ची नाही, म्हणून हॉलच्या खिडकीत टोमॅटो आणि मिरचीचं बी टाकलं. प्लॅस्टिकच्या कपांत, नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. उगवण छान झाली, पण तीन आठवड्यांत पानं पिवळी पडायला लागली.

उन्हाळ्याचे दिवस, वाटलं तहानली असतील. सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले, पिवळेपणा वाढतच गेला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एक रोप उपटून तर बघ." जीव होत नव्हता, तरी उपटलं. मुळं पांढरी हवीत. ही तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारी, आणि कुबट वास. कपाला खाली भोकच नव्हतं! साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि मग ओल असूनही रोप उपाशी राहतं.

दाभण तापवून प्रत्येक कपाला चार-चार भोकं पाडली. पाणी आता बोटाचं पेर कोकोपीटमध्ये खुपसून, वरचा थर कोरडा लागला तरच.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. पिवळेपणा खालच्या पानांपासून वर चढत होता, म्हणजे नत्र (नायट्रोजन) कमी. कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतंच. बीजदलांतला, म्हणजे बीतूनच आलेल्या पहिल्या दोन पानांतला साठा संपला की रोपाला खत लागतं. जी रोपं तगली, ती दोन भाग कोकोपीट आणि एक भाग गांडूळखतात हलवली.

पिवळी झालेली पानं परत हिरवी झाली नाहीत, ती गळलीच. पण दहाव्या दिवशी मिरचीच्या शेंड्याला नखाएवढं गर्द हिरवं पान आलं. सासूबाईंना हाक मारून दाखवलं.