एक्सरसाईज बाईक कुरकुरतेय, डगडगतेय किंवा डिस्प्ले बंद पडलाय? घरच्या घरी असं दुरुस्त करा

घरातली एक्सरसाईज बाईक आवाज करायला लागली की पहिलं मनात येतं, झालं, आतलं काहीतरी मोडलं, आणि मग ती कोपऱ्यात जाते. पण बहुतेक वेळा आत काहीच मोडलेलं नसतं, बाहेरचं काहीतरी सैल झालेलं असतं. त्यामुळे कव्हर उघडायची घाई करू नका. आधी आवाज नक्की कुठून येतो ते शोधा, कारण लोखंडी पाईपमधून आवाज फिरतो आणि सीटचा आवाजही पेडलचा वाटतो.

१. आवाज शोधा
बाईकवरून उतरा आणि पेडल हाताने फिरवा. तरीही आवाज येत असेल तर तो आतला, म्हणजे बेल्ट किंवा बेअरिंगचा. हाताने फिरवताना शांत आणि बसल्यावरच आवाज असेल तर पेडल, क्रँक (पेडल ज्याला बसवलेलं असतं तो दांडा) किंवा सीट. मग उभं राहून पेडल मारून बघा, आवाज थांबला तर सीटच. सीटखालचे दोन्ही बाजूंचे नट आवळा, काम झालं. प्रत्येक फेरीला एकदाच, ठराविक जागी टक्क होत असेल तर मात्र पेडल किंवा क्रँक.

२. पेडल आणि क्रँक
इथे नीट लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात! उजवं पेडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने टाईट होतं आणि डावं काट्याच्या उलट. पेडल मारता मारता ते आपोआप सुटू नये म्हणून ही सोय आहे. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे पाना पेडलच्या वरच्या बाजूला धरून बाईकच्या पुढच्या दिशेला ओढला की दोन्हीकडे टाईट, मागे ओढला की सैल. पेडलवर एल आणि आर लिहिलेलं असतं, ते सीटवर बसलेल्या माणसाच्या डाव्या-उजव्या प्रमाणे. सहसा १५ नंबरचा पाना लागतो. पेडल नवीन बसवताना पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवा, अडलं तर जोर लावू नका, काढून परत सरळ धरून लावा. क्रँक मऊ धातूचा असला तर वाकडे गेलेले आटे पुन्हा नीट बसत नाहीत.

पेडल घट्ट आहे तरी खटखट होते? मग क्रँक धरून तुमच्याकडे आणि पलीकडे हलवून बघा. हलत असेल तर मधली प्लास्टिकची टोपी काढा, आत नट किंवा बोल्ट दिसेल, बऱ्याच बाईकना १४ नंबरचा पाना, काहींना ॲलन की (षटकोनी टोकाची वाकडी चावी) लागते, तो चांगला आवळा. सैल क्रँकवर "आजचा दिवस चालवतो" असं अजिबात करू नका, त्याचं चौकोनी भोक झिजून गोल व्हायला लागतं आणि मग कितीही आवळलं तरी दोन दिवसांत परत सैल, शेवटी क्रँकच बदलावा लागतो.

३. डिस्प्ले
काहीच दिसत नसेल तर आधी सेल बदला, सेलच्या जागेतल्या पत्र्यांवर गंज असेल तर तो खरवडून काढा. अडॅप्टरवाली बाईक असेल तर पिन नीट बसली आहे का बघा. डिस्प्ले चालू आहे पण स्पीड शून्यच दाखवतोय, तर हँडलच्या खांबातला वायरचा जोड सुटला असणार. जोड काढून परत दाबून बसवा आणि खांब लावताना वायर चेमटू देऊ नका. तरीही शून्य असेल तर आतल्या चाकावरचं छोटं मॅग्नेट निघालंय किंवा सेन्सर त्याच्यापासून लांब सरकलाय, दोघांमध्ये दोन-तीन मिलिमीटरच अंतर हवं.

४. रेझिस्टन्स
रेझिस्टन्स म्हणजे पेडल किती जड फिरतं ते. नॉब फिरवून त्यात काहीच फरक पडत नाही म्हणजे बहुतेक वेळा नॉबखालची केबल हुकातून निसटलेली असते. नॉब सगळ्यात कमीवर आणा, म्हणजे केबल सैल मिळते, आणि टोक परत अडकवा. मॅग्नेटवाल्या बाईकमध्ये चाकाला काही घासत नाही, त्यामुळे तिथे झिजायला काही नसतं. पॅडवाल्या बाईकमध्ये मात्र चाकाला घासणारा फेल्टचा (दाबलेल्या लोकरीचा) पॅड झिजतो, वाळून किंचाळतो, पातळ झाला असेल तर तो बदला.

पेडल जोरात मारल्यावर मध्येच रिकामं फिरल्यासारखं झालं तर बेल्ट घसरतोय. आता कव्हर उघडायचं, पण आधी प्लग काढा आणि चाक पूर्ण थांबू द्या, जड चाक बराच वेळ फिरत राहतं आणि बोटं अडकली तर वाईट लागतं. ताण देणारा बोल्ट थोडा थोडा, अर्धा फेरा, फिरवून बघत जा. खूप ताणलात तर बेअरिंग जातं. आणि बेल्टवर तेल चुकूनही नको!

५. डगडगणं
चारही पायांखालचे गोल पाय फिरवून उंची सारखी करा, एवढंच. सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची खूण असते, तिच्या वर दांडा काढू नका.

व्यायाम झाला की घाम लगेच पुसा, हँडलचे आणि सीटखालचे बोल्ट त्यानेच गंजतात. आणि पुसताना फ्रेमच्या वेल्डिंगवर कुठे बारीक चीर दिसली तर मात्र पाना बाजूला ठेवा आणि त्या बाईकवर कुणालाही बसू देऊ नका.