हरवलेल्या घोड्याची दुनळी

बाहेरून घोडे, म्हणजे चाप ओढताच आपटणारे खटके, असलेली जुनी युरोपीय दुनळी बंदूक हाती येते, तेव्हा बहुधा तिचा एखादा घोडा, नळ्यांखालचे लाकूड किंवा दोनतीन स्क्रू नाहीसे झालेले असतात. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी, परवान्याचे नियम पाहावेत आणि नळ्या उतरवून त्यांच्या खालच्या सपाट भागावरचे शिक्के भिंगातून वाचावेत. लंबगोलात 'ईएलजी' (ELG) ही अक्षरे असली, तर बंदूक बेल्जियममधल्या लिएज शहराच्या, बंदुका तपासणाऱ्या चाचणीगृहातून गेलेली, म्हणजे बहुधा बेल्जियन. लंबगोलावर मुकुट असला, तर ती १८९३ किंवा त्यानंतर तपासलेली.

ही माहिती भाग शोधताना उपयोगी पडते, पण तिच्यावर फार विसंबू नये. लिएजमध्ये असंख्य कारागीर घरीच सुटे भाग कानसून जुळवत असत, त्यामुळे एकाच नावाच्या दोन बंदुकांचे घोडेही एकमेकींना बसतील याची शाश्वती नसते.

उरलेला घोडा हाच नव्याचा खरा नमुना. त्याची बाह्यरेषा जाड कागदावर काढून कागद उलटा केला की दुसऱ्या बाजूचा घोडा समोर दिसतो. जुन्या सुट्या भागांतून घोडा निवडताना ज्याचे चौकोनी छिद्र आसाच्या, म्हणजे घोडा ज्यावर बसतो त्या दांड्याच्या, चौकोनापेक्षा किंचित लहान आहे आणि ज्याचे टोक थोडे लांब आहे, असाच घ्यावा. कारण कानशीने छिद्र मोठे आणि टोक आखूड करता येते, उलटे मात्र करता येत नाही. छिद्र तिरके कानसले गेले, तर घोडा चुकीच्या कोनात उभा राहतो, म्हणून दोनतीन घासे झाले की आसावर ठेवून पाहावे. हे काम आणि आतील यंत्रणा बंदूकमिस्त्रीकडूनच करून घेणे मला योग्य वाटते.

स्क्रू काढताना पेचकसाचे पाते खाचेत लांबीरुंदीने घट्ट बसेल असे घासून घ्यावे. जुने आटे हाताने पाडलेले असतात आणि प्रत्येक स्क्रू आपल्याच भोकाचा असतो, म्हणून पुठ्ठ्यावर बंदुकीची आकृती काढून तो त्याच जागी खोचून ठेवावा.

नळ्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या असतील, तर सँडपेपर लावू नये. अति बारीक पोलादी लोकर तेलात बुडवून गंज सावकाश उतरवावा, नाहीतर नक्षी कायमची जाते. अशा नळ्या बहुधा काळ्या दारूसाठी, म्हणजे जुन्या, कमी दाबाच्या बारुदीसाठी तपासलेल्या असतात आणि अनेक जुन्या युरोपीय बंदुकांची काडतुसाची जागा ६५ मिलिमीटरची असते, तर आजची काडतुसे बहुधा ७० मिलिमीटरची. म्हणून दुरुस्ती सुबक झाली तरी अशी बंदूक झाडण्याजोगी होत नाही. तिला संग्रहातली वस्तू म्हणूनच जपावे.

अक्रोडाच्या लाकडावरचा खोलगट ठसा ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री टेकवून वर आणता येतो. त्यानंतर जवसाच्या तेलाचे पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. शेवटी नव्या घोड्याच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, दुरुस्तीचे वर्ष कोरावे, म्हणजे पुढच्या मालकाला मूळचा भाग कोणता आणि नंतरचा कोणता, ते कळेल.